पळून गेली की पळवून नेली? 'अपहरण' आणि त्याची भावंडं

जुळारी

मंडळी, परवा माळा आवरताना जुन्या अंकांचा गठ्ठा सापडला आणि एक जुनी खाज उठली, म्हणून हा धागा.

१९८७ साली मी एका जिल्ह्याच्या गावच्या दैनिकात छपाईचे खिळे जुळवायला होतो. पेपर कुठला ते सांगत नाही. रात्रपाळी होती. पोलीस ठाण्यातून आलेल्या कागदावर चार ओळींची बातमी होती: अमुक पेठेतल्या सतरा वर्षांच्या मुलीला अज्ञात इसमाने फूस लावून पळवून नेल्याची फिर्याद वडिलांनी दिली आहे. साडेअकरा वाजून गेले होते आणि शेवटची ओळ काही केल्या बसेना. मी 'फूस लावून' उडवलं, 'पळवून नेल्याची'चं 'पळून गेल्याची' केलं, ओळ बसली. अर्थ तोच की, असं तेव्हा वाटलं.

सकाळी अकराला मुलीचे वडील कार्यालयात हजर. पांढरं धोतर, काळा कोट, बगलेत छत्री. आवाज अजिबात चढवला नाही. अंक टेबलावर पसरला, त्या शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "माझी पोर पळून गेलेली नाही. तिला पळवून नेलीय." आमचे संपादक त्यांना चहा घ्या म्हणत होते. त्यांनी चहा घेतला नाही आणि बोटही उचललं नाही. दुसऱ्या दिवशी शुद्धिपत्र छापलं, ते मूळ बातमीपेक्षा मोठं झालं. त्यातला 'व' मी दोनदा तपासला.

त्या एका 'व'वर एका माणसाची गावात मान वर ठेवण्याची सगळी भिस्त होती. तेव्हापासून पळून जाणे, पळवून नेणे, पळवून आणणे, उचलणे, अपहरण, हरण हे शब्द दिसले की मी थांबतो. व्याकरणात 'व' हा प्रयोजकाचा, म्हणजे दुसऱ्याने करवण्याचा. पळणं तिचं, पळवणं दुसऱ्याचं. पण हा दुसरा खरंच होता की नाही हे कोण ठरवतं? तुमच्याकडे हे शब्द कसे वापरतात? कायद्यात, गावात, घरात?

शब्दखुळी

फार छान विषय. संस्कृत शिकवते, त्यामुळे आधी मुळाशी जाते.

'हृ' धातू म्हणजे नेणे. त्याला 'अप' लागला की दूर नेणे, काढून नेणे. यातून मराठीत दोन शब्द आले आणि आपण त्यांची कामं वाटून टाकली. माणूस नेला तर अपहरण, पैसा नेला तर अपहार. 'पतसंस्थेत लाखोंचा अपहार' असं छापतात, 'लाखोंचे अपहरण' म्हटलं तर लोक हसतील. संस्कृतात अशी भिंत नव्हती, तिथे धनाचंही अपहरण होतं.

या धातूची गंमत अशी की नेणं हे दरवेळी वाईट नाही. विघ्न नेणारा तो विघ्नहर्ता, मन नेणारा तो मनोहर. आमच्या वर्गात दोन मनोहर आहेत. त्यांना हे सांगितल्यापासून एकमेकांना 'ए अपहरणकर्त्या' म्हणतात. चूक माझीच.

उपसर्ग शिकवताना एक जुना श्लोक हमखास येतो: 'उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते, प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत्'. उपसर्ग धातूच्या अर्थाला बळजबरीने भलतीकडेच नेतो, जसं प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार. पाचही उदाहरणं 'हृ'चीच. म्हणजे उपसर्ग धातूच्या अर्थाचं जे करतो तेही अपहरणच!

जाता जाता शुद्धलेखन. 'अपहृत' लिहा, 'अपह्रत' नको. ह ला ऋ आहे, र नाही. आणि 'अपहरण झालेल्या मुलीची' हे लांबलचक लिहिण्यापेक्षा 'अपहृत मुलीची' लिहिलं असतं तर जुळारींची ओळ कदाचित बसली असती.

जुळारी

बसली असती हो. पण ठाण्याच्या कागदावर अपहृत नसतं, 'फूस' असते. आणि तो 'हृ' आमच्या खिळ्यांच्या पेटीत एकच उरला होता, त्याचंही पोट झिजलेलं.

वऱ्हाडी_ठेचा

काहून बाप्पा, रुक्मिणीचं नाव अजून कोनी काढलं नाही? आमच्या अमरावती जिल्ह्यात तिवसा तालुक्यात वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर हाय. रुक्मिणीचं माहेर. तिची पालखी पंढरपूरले जाते, १५९४ पासून चालते म्हनतेत. अन् अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातून देवानं तिले नेली, असं आमच्या आजीनं सांगितलं. देवळाखाली भुयार हाय म्हने. मी लहानपनी लई शोधलं, सापडलं नाही.

आता माहा प्रश्न. तिनं सोताच चिठ्ठी धाडली होती ना देवाले? मंग ते हरन कसं? लोक 'रुक्मिणीहरण' म्हनतेत, मले ते पटतच नाही. पोरगी आमची, चिठ्ठी तिची, बोलावनं तिचं, अन् नाव देवाचं!

शब्दखुळी

ठेचाभाऊ, तुमची शंका सातशे वर्षं जुनी आहे आणि मराठी कवी तुमच्या बाजूने आहेत! महानुभाव कवी नरेंद्राने तेराव्या शतकात ही कथा मराठीत रचली, एकनाथांनी सोळाव्या शतकात. दोघांच्याही ग्रंथाचं नाव काय? 'रुक्मिणीस्वयंवर'. 'हरण' नाही. मांडव नव्हता, रांगेत बसलेले राजे नव्हते, माळ नव्हती. तरी स्वयंवर, कारण वर तिने स्वतः निवडला.

आणि भागवताच्या दशम स्कंधात तिची जी चिठ्ठी आहे ती वाचाच. ती म्हणते, मला 'राक्षसेन विधिना' घेऊन जा. म्हणजे राक्षसविवाहाच्या पद्धतीने, पराक्रम हेच शुल्क देऊन. आता हा राक्षसविवाह म्हणजे काय, तर मनुस्मृतीच्या व्याख्येत घरच्यांना मारून, तोडून, फोडून, ओरडणाऱ्या-रडणाऱ्या मुलीला बळाने घरातून नेणं. व्याख्येतच रडणं आहे. रुक्मिणी तर वाट बघत उभी होती. म्हणजे पद्धत हरणाची आणि इच्छा स्वयंवराची. पोरीला कायदा पाठ होता असं मला नेहमी वाटतं.

टवाळ

म्हणजे फिर्यादी : रुक्मी भीष्मक, रा. कुंडिनपूर. 'माझ्या बहिणीस द्वारकेतील इसमाने फूस लावून रथातून पळवून नेले.' तपासी अंमलदार पाठलागावर. फिर्यादी स्वतःच पाठलागावर गेला आणि अर्धी मिशी गमावून बसला.

काळा_कोट

टवाळ यांनी विनोदात खरं सांगितलं. फिर्याद रुक्मीच देणार, कारण कायद्यात हा गुन्हा मुलीविरुद्ध कमी आणि पालकाविरुद्ध जास्त आहे. जिल्हा न्यायालयात वकिली करतो, जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर खाली सरका.

इंग्रजीत किडनॅपिंग आणि अ‍ॅबडक्शन हे कायद्याने दोन वेगळे शब्द आहेत. हिंदीत त्यांना व्यपहरण आणि अपहरण म्हणतात. मराठी कायद्याच्या पुस्तकांत 'अपनयन' हा शब्दही भेटेल, जो कोर्टाबाहेर मी एकाही माणसाच्या तोंडून ऐकलेला नाही. पेपरवाले दोन्हीला सरसकट अपहरण म्हणतात.

फरक असा. पहिल्या प्रकारात अल्पवयीन मूल किंवा मनोविकल व्यक्ती कायदेशीर पालकाच्या रखवालीतून, पालकाच्या संमतीशिवाय नेली किंवा फूस लावून नेली, की गुन्हा पूर्ण. मुलाची मर्जी होती का? विचारतच नाहीत. मूल हसत गेलं असलं तरी गुन्हा. दुसऱ्या प्रकारात वयाची अट नाही, पण जबरदस्ती किंवा फसवणूक लागते. आणि नुसता हा दुसरा प्रकार केला म्हणून शिक्षा नाही! खुनासाठी, डांबून ठेवण्यासाठी, जबरीच्या लग्नासाठी असा पुढचा हेतू सिद्ध झाला तरच शिक्षा.

१८६० च्या दंड संहितेत ही कलमं ३५९ पासून पुढे होती. पालकाकडून नेल्याची व्याख्या ३६१ मध्ये, शिक्षा ३६३ मध्ये, सात वर्षांपर्यंत. त्यात वय मुलाचं सोळा आणि मुलीचं अठरा होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात कलम १३७, आणि आता दोघांनाही अठरा. खंडणीसाठी पळवण्याचं ३६४-अ हे कलम जुन्या कायद्यात १९९३ साली घातलं होतं, फाशी किंवा जन्मठेप. ते आता १४० मध्ये आहे.

जुळारींच्या 'व'वर मात्र सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. वरदराजन विरुद्ध मद्रास राज्य, १९६५ चा म्हणून आम्ही सांगतो. मुलगी कॉलेजात शिकणारी, अठराला थोडे दिवस कमी. तिने स्वतः आरोपीला फोन केला, स्वतः ठरल्या जागी गेली, त्याच्याबरोबर निबंधकाच्या कार्यालयात गेली. खटला उभा राहिला पळवून नेल्याचा. न्यायमूर्ती मुधोळकरांनी निकालात म्हटलं की 'नेणं' आणि 'बरोबर येऊ देणं' या वेगळ्या गोष्टी आहेत. जिला आपण काय करतो ते पुरतं कळत होतं आणि जी आपल्या पायांनी आली, तिला त्याने 'नेली' असं म्हणता येत नाही. आरोपी सुटला. आम्ही दरवर्षी पाच-सहा वेळा तरी हा निकाल कोर्टापुढे ठेवतो.

पंचनामा

काळा_कोट साहेब, तुम्ही ठेवता आणि आम्ही ऐकतो! मी पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त. ठाणे अंमलदार म्हणून बरीच वर्षं फिर्यादी लिहून घेतल्या.

'अज्ञात इसमाने अज्ञात कारणासाठी कायदेशीर रखवालीतून फूस लावून पळवून नेले' हे वाक्य आम्ही झोपेतही लिहू शकतो. लोक हसतात की अज्ञात इसम, अज्ञात कारण, मग फूस लावली हे कसं ज्ञात? उत्तर असं की मे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा आदेश झाला. अठराच्या आतलं मूल हरवल्याची तक्रार आली तर ते पळवलं गेलंय किंवा त्याची तस्करी झालीय असं गृहीत धरून गुन्हा नोंदवायचा. त्याआधी 'मिसिंग'च्या रजिस्टरला नोंद करून कागद बाजूला ठेवायची सवय होती, आणि त्यात खरोखर विकली गेलेली मुलं मागे राहायची. आदेश योग्यच. पण त्यामुळे शाळेत मार्क कमी पडले म्हणून मामाकडे निघून गेलेला पोरगाही कागदावर 'पळवून नेलेला' असतो. आकडे वाचताना हे ध्यानात ठेवा. 'जिल्ह्यात अपहरणाचे इतके गुन्हे' म्हणजे इतक्या टोळ्या फिरतायत असा अर्थ नाही.

आणि 'रखवाली' हा शब्द बघा. शेताची रखवाली, बागेची रखवाली, आणि पोरीची रखवाली.

चिंचगुळ

रखवालीचा शब्द टोचला, पण खरा आहे.

आमच्या घरात याच शब्दांवरून पन्नास वर्षं वाद आहे. माझे आजी-आजोबा. आजोबांकडची मंडळी सांगतात, "आमच्या दादाने पळवून आणली." हे मिशीवर ताव देऊन. आजीकडची मंडळी सांगायची, "पळवून नेली." हे दात-ओठ खाऊन. 'आणली' आणि 'नेली' एवढाच फरक, बोलणारा कुठल्या दारात उभा आहे तेवढा. आजीला विचारलं तर ती तांदूळ निवडत म्हणायची, "कुणी कुणाला आणलं नाही. सकाळची गाडी होती, मी लवकर उठले." बस. यापुढे एक अक्षर नाही.

शब्दखुळी

चिंचगुळ, आजीच्या वाक्यात तर प्रयोजकच नाही. 'मी उठले.' साष्टांग!

टवाळ

विमानाचं काय? विमानाला कुठे पालक असतो? तरी 'विमानाचे अपहरण'.

जुळारी

तो शब्द रेटून बसवलाय खरा, पण बसला. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला येणारं विमान कंदाहारला नेलं. त्या आठ दिवसांच्या बातम्यांत शब्दांची वाटणी नीट झाली होती. अपहरण विमानाचं, आणि प्रवासी 'ओलीस'. प्रवाशांना अपहृत फारसं कोणी म्हणत नव्हतं. मला वाटतं फरक असा की अपहरणात नेण्यावर जोर आहे, ओलीस धरण्यात ठेवण्यावर. ओलीस माणूस कशाच्या तरी बदल्यात ठेवलेला असतो, तारण असल्यासारखा.

आणि पूर्वी ओलीस राहणं हा गुन्हा नव्हता, तहातलं कलम असायचं. १६६५ च्या पुरंदरच्या तहात आठ वर्षांच्या शंभूराजांना जयसिंगाच्या छावणीत राहावं लागलं ते असंच.

'खंडणी'चंही तेच. ती एके काळी राजकारणातली उघड रक्कम, मांडलिकाने द्यायची, शहराने लूट टाळायला द्यायची. 'खंडणे' म्हणजे रक्कम एकदाची ठरवून टाकणे. शेत खंडाने देतो म्हणतो, तोच खंड. आता खंडणी म्हटलं की फोन येतो आणि पलीकडून कोणी तरी पोराचं नाव घेतो. शब्द तोच, दरबारातून गल्लीत आला.

'वेठीस धरणे' हा अजून एक. मूळ विष्टि, म्हणजे बिनपैशाचं सक्तीचं काम. वेठबिगारीतली वेठ. आता संपाच्या बातमीत 'प्रवाशांना वेठीस धरले' म्हणतात, तिथे प्रवासी काहीच काम करत नसतात, फलाटावर बसलेले असतात. अर्थ ओलीसकडे सरकला.

गगनबावडा

मी कोल्हापूरचा. आमच्या पिढीला 'पोरं पळवणारी' हा शब्द वेगळाच लागतो. १९९६ साली गावित मायलेकींचं लहान मुलं पळवून मारल्याचं प्रकरण उघडकीस आलं तेव्हा मी तिसरीत. तपशिलात जात नाही, सगळ्यांना माहीत आहे. दोघी मुलींना फाशीची शिक्षा झाली, ती २०२२ च्या जानेवारीत उच्च न्यायालयाने जन्मठेपेवर आणली.

मला आठवतंय ते एवढंच की त्या वर्षी शाळा सुटताना फाटकाशी आयांची गर्दी असायची. आधी आम्ही चालत यायचो. आणि आई 'अपहरण' म्हणायची नाही कधी. "पळवून नेतील" म्हणायची. अपहरण हा पेपरातला शब्द, त्याची भीती वाटायची नाही. पळवून नेतीलची वाटायची. कडेवर उचलून कोणी धावतंय असं चित्रच दिसायचं.

माणदेशी

गगनबावडा, तुमचं बरोबर, पण त्या शब्दाची दुसरी बाजू सांगतो. आमच्या मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी. पिढ्यान्‌पिढ्या भिक्षेवर गावोगाव फिरणारे. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस. पाच जण बाजारात होते. आधी कित्येक दिवस मोबाइलवर फिरत होतं, 'मुलं पळवणारी टोळी आलीय, सावध राहा'. जमावाने त्यांना धरलं, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारलं. पाचही गेले. बहुतेक आमच्याकडचे.

त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पुढे एप्रिल २०२० मध्ये पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा चालक गेले, तिथेही आधी अफवाच पसरल्या होत्या.

मी शब्दावरच बोलतो, कारण धागा शब्दाचा आहे. 'टोळी पळवते' हे वाक्य कुठल्या तरी एका घटनेबद्दल नाही. त्यात कोण नाही, कधी नाही, कुठलं मूल नाही. 'अमक्याचं मूल पळवलं' म्हटलं तर विचारता येतं, कुणाचं? 'मुलं पळवणारी टोळी' म्हटलं की विचारायला जागा राहत नाही, फक्त अनोळखी माणूस शोधायचा राहतो. आणि आमचे लोक सगळ्या गावांत अनोळखीच असतात. तेव्हापासून बरेच जण भिक्षेला बाहेर पडायला कचरतात. जे जातात ते आधी पोलीस ठाण्यात जाऊन नाव सांगतात, आधार दाखवतात. भिक्षा मागायला.

जुळारी

माणदेशी, हे तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. मी धागा काढताना एका घराच्या अब्रूचा विचार करत होतो.

सातासमुद्रापार

न्यू जर्सीहून. इथे या शब्दाचा वेगळाच वापर बघितलाय. ओळखीतल्या एकीचा नवऱ्याशी बेबनाव झाला. ती चार वर्षांच्या मुलाला घेऊन पुण्याला गेली आणि परत आलीच नाही. इथल्या कोर्टाच्या कागदावर तिच्या नावापुढे 'अ‍ॅबडक्शन' आलं. तिच्या आईला फोनवर हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अगं, ती माहेरी आलीय!" एकच घटना. तिथे माहेरी आली, इथे अपहरण.

मुलं अशी एका देशातून दुसऱ्या देशात नेली तर ती परत पाठवण्यासाठी १९८० चा हेग करार आहे. भारत त्यात सामील नाही. त्यामुळे दोन्हीकडची कोर्टं आपापल्या शब्दावर ठाम असतात आणि मूल मोठं होत राहतं.

काळा_कोट

यात पुरवणी. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटलं की कोर्टाची मनाई नसताना वडिलांनी स्वतःच्या मुलाला आईकडून नेलं तर तो पळवण्याचा गुन्हा होत नाही, कारण तेही नैसर्गिक पालक. रखवालदार स्वतःच आपल्या शेतातलं कणीस चोरू शकत नाही, असं काहीसं. निकाल आला तेव्हा बाररूममध्ये दोन तट पडले होते. एक ज्येष्ठ बाई म्हणाल्या, पोराला रात्री अंथरुणातून उचलून नेलं तर पोराच्या दृष्टीने काय फरक पडतो? त्याला कोणी उत्तर दिलं नाही, पुढची केस पुकारली म्हणून सगळे उठले.

रात्रपाळी_२

मी आता एका संकेतस्थळाच्या वृत्तकक्षात आहे. आमच्याकडे ओळ बसवायचा प्रश्न नाही, क्लिक बसवायचा आहे. 'बेपत्ता'पेक्षा 'अपहरण' जास्त चालतं. वरून सांगितलं जातं, गुन्हा दाखल आहे ना, मग लिहा अपहरण. तांत्रिकदृष्ट्या खोटं नसतं. मुलगी दोन दिवसांनी मैत्रिणीकडे सापडते, ती बातमी कोणी करत नाही.

त्यामुळे पंचनामा यांना विचारायचं आहे. मूल परत आल्यावर कागदावर काय लिहिता?

पंचनामा

चांगला प्रश्न विचारलात. लिहितो 'मिळून आली'. चोरीची मोटारसायकल 'मिळून आली', गाय 'मिळून आली', मुलगी 'मिळून आली'. एकच क्रियापद. मग जबाब, वैद्यकीय तपासणी, बालकल्याण समितीपुढे हजर करणं. हरवलेली मुलं शोधायची ऑपरेशन मुस्कान ही मोहीम सुरू झाल्यावर आम्ही फलाटावरची, धाब्यावरची कितीतरी मुलं शोधून काढली. सगळी 'मिळून आली'. त्यातल्या काही मुलांना खरोखरच कोणी तरी आणून कामाला जुंपलेलं असायचं. अशा वेळी हा शब्द लिहिताना बरं वाटायचं.

पण एक जबाब विसरत नाही. मुलगी सतरा वर्षं आठ महिन्यांची. वडिलांनी फिर्याद दिली होती, फूस लावून वगैरे नेहमीचं. नवव्या दिवशी ती स्वतःच ठाण्यात आली, एकटी. खांद्याला कापडी पिशवी. पुढच्या आठवड्यात घरचे साखरपुडा करणार होते, म्हणून तालुक्याच्या गावी मावशीकडे जाऊन राहिली होती. कोणी मुलगा नाही, काही नाही. आमच्या महिला शिपायाने जबाब लिहून घेतला आणि नियमाप्रमाणे वाचून दाखवला. 'मला कोणीही फूस लावली नाही' इथपर्यंत ती मान हलवत होती. मग आलं, 'सदर मुलगी आज रोजी पोलीस ठाणे आवारात मिळून आली.'

ती म्हणाली, "मिळून नाही आले."

"मग काय लिहू?"

तिने पिशवीतून तिकीट काढून टेबलावर ठेवलं. म्हणाली, "एसटीने आले. अठ्ठावीस रुपये."